पाकिटावर ‘उत्पादक’ कोणाला म्हणावे?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील एक ताई स्वतःच्या नावाने गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला विकतात. मसाल्याची कृती आणि पाकिटावरचे नाव त्यांचे आहे, पण भाजणे, दळणे आणि पाकिटे भरणे ही कामे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याकडून करून घेतली जातात. नव्या पाकिटावर मराठी मजकूरही छापायचा आहे. छापखान्याने दिलेल्या कच्च्या नमुन्यात त्यांच्या नावामागे ‘निर्माता’ असे आले, त्यांच्या सनदी लेखापालांनी ‘उत्पादक’ लिहा असे सुचवले, आणि सासरेबुवांनी हरकत घेतली की आपला कारखाना नाही, तर आपण उत्पादक कसे. तिघांपैकी बरोबर कोण, आणि या शब्दांमध्ये फरक काय, असे त्यांनी विचारले आहे.

गेली सत्तावीस वर्षे सातपूर आणि अंबडच्या उद्योगांसाठी करार, लेबले, माहितीपुस्तिका आणि सरकारी अर्ज मराठीत करून देणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि या एका शब्दाने मला जितका त्रास दिला तितका एखाद्या क्लिष्ट तांत्रिक संज्ञेनेही दिलेला नाही. म्हणून उत्तर थोडे लांबेल.

आधी ‘निर्माता’ या शब्दाचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. वेष्टनातील वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावरील बंधनकारक मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. मराठी किंवा अन्य भाषा त्याच्या जोडीने वापरता येते, त्याच्या जागी नाही. खाद्यपदार्थांच्या लेबलांनाही हाच दंडक आहे. लिपी एकच असल्यामुळे हिंदी मजकुरातला ‘निर्माता’ आपल्या छापखान्यांत मराठी म्हणून वावरू लागला आणि नमुन्यामागून नमुन्यात उतरत गेला. मराठीत मात्र निर्माता म्हटले की नाटकाचा किंवा चित्रपटाचा निर्माता डोळ्यांपुढे येतो, नाहीतर थेट विश्वाचा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके आपल्याला निर्माते म्हणूनच ठाऊक आहेत. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या संदर्भात कोणी त्यांना ‘चित्रपटाचे उत्पादक’ म्हणाले तर ऐकणारा दचकेल. गोडा मसाल्यामागे ‘निर्माता’ लिहिणे व्याकरणाने चूक नाही, पण कानाला परके आहे. शिवाय त्याची रूपेही चालवावी लागतात (निर्मात्याने, निर्मात्याकडे, स्त्री असेल तर निर्माती), आणि करारात ती शंभर वेळा आली की वाचणारा थकतो.

सासरेबुवांची हरकत मात्र विचार करण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे भाषेची खरी जाण आहे. ते ‘उत्पादक’ आणि ‘कारखानदार’ हे समानार्थी धरत आहेत, आणि आपल्याकडची वर्तमानपत्रेही पुष्कळदा तसेच धरतात. पण कारखानदार हा जागेचा शब्द आहे. फारसीत ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे जागा. कामाची जागा ज्याच्या ताब्यात, तो कारखानदार. तिथे काय बनते, याच्याशी या शब्दाला मुळात देणेघेणे नव्हते. शिवकालीन राज्यव्यवहारात ‘अठरा कारखाने आणि बारा महाल’ होते, आणि त्या अठरा कारखान्यांत तोफखाना होता तसा हत्तींचा पीलखानाही होता. पीलखान्यात हत्ती बनत नव्हते. किल्ल्यावरचा कारखानीस हा धान्याच्या आणि साठ्याच्या हिशेबाचा अधिकारी होता, आजच्या अर्थाने उद्योजक नव्हे. वस्तू बनण्याची जागा म्हणजे कारखाना, हा अर्थ पुढे यंत्रांबरोबर पक्का झाला, आणि ‘कारखानदार’ या शब्दाला मालकीचा, भांडवलाचा आणि सहकारी साखरेमुळे थोडा राजकारणाचाही वास चिकटला.

बोलण्यातली भाषा याहून सूक्ष्म भेद करते. गणपतीच्या मूर्ती जिथे बनतात त्या शेडला आपण बिनदिक्कत ‘गणपतीचा कारखाना’ म्हणतो, पण त्याच्या मालकाला कोणी कारखानदार म्हणत नाही. तो मूर्तिकार असतो. येवल्यात पैठणी विणणारा विणकर असतो, मालेगावात यंत्रमाग चालवणारा यंत्रमागधारक, आणि भांडी घडवणारा तांबट. दुसरीकडे अंबडच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात कामाला असणारा माणूस ‘मी कारखान्यात आहे’ असे सहसा सांगतच नाही. तो ‘कंपनीत’ असतो. म्हणजे नाशिकच्या बोलीत ‘कारखाना’ हा शब्द हळूहळू साखर, पैठणी आणि मूर्ती यांच्याकडे सरकला आहे, आणि जिथे खरोखर मोठाली यंत्रे धडधडतात ती जागा ‘कंपनी’ झाली आहे. कोशात हा फरक सापडणार नाही, पण लेबल वाचणारा माणूस कोश वाचून दुकानात येत नसतो.

मी स्वतः या बाबतीत एकदा चांगलाच ठेचाळलो आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका पुरवठा-कराराचा अनुवाद केला आणि मूळ इंग्रजीतल्या ‘मॅन्युफॅक्चरर’ या शब्दासाठी सगळीकडे ‘कारखानदार’ योजला. सदर पक्ष पंपांचे सुटे भाग बाहेरून बनवून घेत असे आणि एका भाड्याच्या गाळ्यात ते केवळ जोडत असे. पुढे सदोष मालावरून वाद झाला, तेव्हा त्या पक्षाच्या वकिलांनी मराठी प्रतीवर बोट ठेवून सांगितले की करारातील जबाबदाऱ्या ‘कारखानदारा’च्या आहेत आणि आमच्या अशिलाच्या नावावर कारखानाच नाही. इंग्रजी प्रत प्रमाण मानली जाईल असे कलम होते म्हणून प्रकरण निभावले. त्या दिवसापासून करारात मी ‘कारखानदार’ हा शब्द फक्त तिथेच वापरतो जिथे इमारतीचा, यंत्रांचा किंवा कामगारांचा संबंध येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तर तिथेही वेगळाच शब्द पुढे केला: भोगवटादार. जागेवर ज्याचे अंतिम नियंत्रण, तो भोगवटादार. मालक तो असेलच असे नाही.

आता मुख्य शब्दाकडे वळू. ‘उत्पादक’ हा संस्कृतातून आलेला प्रयोजक धातूचा शब्द आहे: जो उत्पन्न होतो तो नव्हे, जो उत्पन्न करवतो तो. त्या ‘करवतो’मध्ये सगळी गंमत आहे. कुंभार, सोनार, लोहार, चांभार या शब्दांच्या पोटात ‘-कार’ हा प्रत्यय दडलेला आहे, आणि तो प्रत्यय हात दाखवतो: मडके घडवणारे, सोने घडवणारे. फारसीतून आलेला ‘कारागीर’ही हातच दाखवतो. ‘उत्पादक’ म्हटले की हात दिसत नाहीत, उत्तर देणारा दिसतो. माल कोणाच्या कर्तृत्वाने आणि कोणाच्या जबाबदारीवर बाजारात आला, एवढेच तो शब्द सांगतो. दळण कोणी दळले, ते त्याला विचारू नये. माझ्या मते या शब्दाचे बल यातच आहे, आणि त्याच्याबद्दलचे सगळे घोटाळेही इथूनच निघतात.

पहिला घोटाळा आपल्या जिल्ह्यात रोज कानावर पडतो. लासलगावचा कांदा उत्पादक, निफाड-दिंडोरीचा द्राक्ष उत्पादक, गावोगावचा दूध उत्पादक हे सगळे उत्पादक आहेत, आणि वाइन बनवणारी कंपनीही उत्पादकच आहे. इंग्रजीत पिकवणारा, काढणारा आणि कारखान्यात बनवणारा यांना तीन वेगळे शब्द आहेत. मराठीने एकाच शब्दात तिघांची सोय लावली. म्हणून दिंडोरीच्या कादवा सहकारी साखर कारखान्याचा सभासद ‘ऊस उत्पादक’ आणि तो कारखाना स्वतः ‘साखर उत्पादक’, असे एकाच सभेत दोन टोकांना दोन उत्पादक बसलेले असतात आणि कोणालाही गोंधळ वाटत नाही, कारण मागे ‘ऊस’ किंवा ‘साखर’ हे नाम असते. नाम काढून नुसता ‘उत्पादक’ लिहिला की मात्र अर्थ तोल सोडतो. बेदाण्याचे उदाहरण तर सीमेवरचे आहे: द्राक्षे पिकवणारा शेतकरी ती स्वतःच वाळवून बेदाणा करतो, तेव्हा तो शेतकरी की वस्तू बनवणारा? भाषेला हा प्रश्न पडतच नाही. ती त्याला ‘बेदाणा उत्पादक’ म्हणून मोकळी होते.

प्रश्न पडतो तो कायद्याला. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या केंद्रीय अधिनियमात वस्तुनिर्माणाची व्याख्या आहे: कच्च्या मालावर अशी प्रक्रिया, की जिच्यातून वेगळे नाव, वेगळे स्वरूप आणि वेगळा उपयोग असलेली नवी वस्तू उदयाला येते. ही तीन लक्षणे आकाशातून पडलेली नाहीत. दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्स या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, की शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या तेलापासून वनस्पती तूप करताना मधल्या टप्प्यावर जे तेल मिळते ते स्वतंत्र उत्पादन मानून त्यावर शुल्क घ्यावे काय. न्यायालयाने ते नाकारले आणि केवळ प्रक्रिया झाली म्हणजे वस्तू बनली असे होत नाही, बाजार जिला वेगळी म्हणून ओळखतो अशी वस्तू निपजली पाहिजे, असे सांगितले. पुढे १९८० च्या एका निकालात अननसाच्या चकत्या करून डबाबंद केल्या तरी तो अननसच राहतो, असे ठरले. ही कसोटी घरच्या उदाहरणांना लावून पाहावी. कांदे निवडून, प्रतवारी करून गोणीत भरले तर कांदा कांदाच राहतो, तेव्हा गोणी भरणारा उत्पादक नव्हे, पॅक करणारा. द्राक्षाची वाइन झाली तर नाव, स्वरूप आणि उपयोग तिन्ही बदलले. धणे, खोबरे, लवंग, दगडफूल भाजून दळून गोडा मसाला झाला, तर त्याला कोणी धणे म्हणणार नाही. म्हणजे ताईंच्या पाकिटात जे आहे ते खरोखरच उत्पादन आहे, आणि त्याला उत्पादक असायलाच हवा.

कोण तो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने उत्पादकाची जी व्याख्या केली आहे ती सासरेबुवांना मुद्दाम वाचून दाखवण्यासारखी आहे. वस्तू किंवा तिचे भाग बनवणारा तो उत्पादक. दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडणारा तोही उत्पादक. आणि दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःची खूण लावणारा किंवा लावून घेणारा, तोही उत्पादकच. कारखाना असण्याची अट यात कुठेही नाही. सिन्नरच्या जात्यातून निघालेल्या मसाल्यावर ताईंचे नाव लागले, त्याच क्षणी सदोष मालाची तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने त्याही उत्पादक झाल्या. पंपवाल्या माझ्या जुन्या पक्षकाराचा बचाव या व्याख्येपुढे टिकला नसता.

मग पाकिटावर त्यांच्याच नावामागे ‘उत्पादक’ लिहायचे का? नाही, आणि इथे सनदी लेखापालांचा सल्ला अपुरा पडतो. पाकीट हे तक्रारीच्या आधीचे कागदपत्र आहे. त्याने ग्राहकाला आणि निरीक्षकाला माल प्रत्यक्ष कुठे आणि कोणत्या परवान्याखाली बनला ते सांगायचे असते. २०११ चे नियम उत्पादकाचे नाव व पत्ता मागतात आणि पॅक करणारा वेगळा असेल तर त्याचाही मागतात. अन्नपदार्थांच्या २०२० च्या लेबल-नियमांनी यात भर घातली आहे: ब्रँड ज्याचा, त्याचे नाव व पूर्ण पत्ता, तो स्वतः माल बनवत असो वा नसो, द्यावाच लागतो, आणि बनवणारा दुसरा असेल तर त्याचा परवाना क्रमांकही द्यावा लागतो. हा क्रमांक १४ अंकी असतो. दोन नावे जवळजवळ छापली जाणार असताना दोघांनाही ‘उत्पादक’ म्हटले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही; म्हणून तिथे ‘उत्पादक’ हा शब्द सिन्नरच्या कारखान्याला द्यावा आणि स्वतःसाठी ‘ब्रँड मालक व विक्रेते’ असे लिहावे. ‘ब्रँड मालक’ कोणाला खटकेल, पण ‘नाममुद्राधारक’ असा शब्द मी एकदा एका पाकिटावर छापवला होता आणि दुकानदाराने तो मालकाचे आडनाव समजून बिलावर लिहिला होता.

मराठी मजकूर साधारण असा असावा: पहिल्या ओळीत ‘उत्पादक व पॅक करणारे :’ आणि पुढे सिन्नरच्या कारखान्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, दुसऱ्या ओळीत ‘ब्रँड मालक व विक्रेते :’ आणि पुढे ताईंच्या व्यवसायाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक. विसर्गासारख्या दिसणाऱ्या त्या दोन टिंबांचा आधार घेतला की क्रियापदाची कटकट राहत नाही. ‘द्वारा उत्पादित’ हे कृपया छापू नये. ती हिंदी वाक्यरचना आहे. मराठीत कर्ता ‘-ने’ किंवा ‘यांनी’ने येतो, आणि ‘यांनी उत्पादित केले’ हेही पाकिटावर जागा खाते. ‘उत्पादनकर्ता’ तर शुद्ध पुनरुक्ती आहे. ‘उत्पादक’मध्ये करणारा आधीच बसलेला आहे.

सिन्नरच्या कारखान्याशी जो करार होईल, त्यात मात्र वेगळी काळजी घ्यावी. धणे-मिरची ताईच विकत घेऊन पाठवत असतील, तर कारखाना दुसऱ्याच्या मालावर प्रक्रिया करतो आहे, आणि कराच्या भाषेत ते जॉबवर्क ठरते. माल कारखाना स्वतः घेऊन तयार मसाला ताईंना विकत असेल, तर तो पुरवठा आहे. सातपूर-अंबडला ‘जॉबवर्क’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याला मराठी पर्याय शोधण्याचा अट्टहास मी करत नाही. पण करारात या दोन्हींपैकी काय चालले आहे ते पहिल्याच कलमात लिहावे आणि ‘या करारात उत्पादक म्हणजे’ अशी व्याख्या देऊनच पुढे जावे. व्याख्येविना वापरलेला ‘उत्पादक’ हा वादाला दिलेले आमंत्रण असते.

सरकारी मराठीत आणखी एक शब्द दिसेल: ‘वस्तुनिर्माण’. राज्याच्या आर्थिक पाहणीत शेती, उद्योग आणि सेवा अशी विभागणी असते आणि उद्योगाच्या पोटात वस्तुनिर्माण येते, आणि तिथे तो शब्द चपखल आहे, कारण ‘उत्पादन क्षेत्र’ म्हटले असते तर शेतीही त्यात शिरली असती. अर्जात तो आला तर तसाच ठेवावा. पाकिटावर ‘वस्तुनिर्माता’ लिहिण्याची गरज नाही.

दुकानाच्या पाटीबद्दलही ताईंनी ओझरते विचारले आहे. राज्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वच लहानमोठ्या आस्थापनांना मराठी देवनागरी पाटी आवश्यक झाली, तेव्हा अनेकांनी घाईने ‘मॅन्युफॅक्चरर्स अँड सप्लायर्स’ हेच देवनागरीत उतरवले. त्यांना नावे ठेवणे मला जमत नाही. आपल्या उद्योजकांच्या निमा आणि आयमा या दोन्ही संघटनांच्या पूर्ण नावांत ‘मॅन्युफॅक्चरर्स’ आहेच आणि तो शब्द इथे कोणाला अडत नाही. अंबडचा फोरमनही पंप ‘कोणत्या मेकचा’ असेच विचारतो. पण मसाल्याचे गिऱ्हाईक वेगळे असते. ‘मसाल्यांचे उत्पादक व विक्रेते’ ही पाटी ताईंच्या दुकानावर शोभेल, आणि तिथे स्वतःला उत्पादक म्हणवून घ्यायला हरकत नाही, कारण पाटीवर सिन्नरचे नाव शेजारी नसते आणि कायद्याच्या व्याख्येतही त्या बसतातच.

शब्दाचे अंतर कुठे ठेवायचे, हा एक बारीक प्रश्न उरतो. ‘मसाला उत्पादक’ असे सुटे लिहिण्याची रूढी आता पक्की आहे, संधी करून ‘दुग्धोत्पादक’सारखी रूपेही चालतात, दोन्ही मान्य. मात्र मागचे नाम हे बनणाऱ्या वस्तूचेच हवे. ‘शेतकरी उत्पादक कंपनी’ या नावाची मला अजून मौज वाटते. ‘कांदा उत्पादक’ म्हणजे कांदा पिकवणारा, तर त्याच हिशेबाने ‘शेतकरी उत्पादक’ म्हणजे शेतकरी तयार करणारी कंपनी व्हायला हवी. उत्पादक असलेल्या शेतकऱ्यांची कंपनी, असा तिचा खरा अर्थ आहे, आणि मोहाडीच्या सह्याद्रीसारख्या कंपन्यांमुळे तो आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक झाला. म्हणून नाव चालून गेले. ‘महिला उत्पादक गट’ असे नाव ताईंच्या बचत गटाला देण्याचा विचार आहे असे त्यांनी कळवले आहे, तिथे हीच अडचण उभी राहील. ‘मसाला उत्पादक महिला गट’ असा क्रम ठेवला तर कोणी हसणार नाही. आणि त्यांनी शेवटी विचारलेल्या शंकेचे उत्तर असे, की ‘उत्पादक’ हा शब्द स्त्रीसाठीही तसाच राहतो. ‘उत्पादिका’ असे रूप बनवण्याची आवश्यकता नाही.